ब्रेक दाबला की पॅडल खोल जातंय? आधी कारण शोधा, मग पाना हातात घ्या

मागच्या मे महिन्यात आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडे चाललो होतो, गाडीत घरची चार माणसं, वर सामान, आणि मी सारखा ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. दाणोली यायच्या आधीच पॅडल एकदम लोण्यात पाय घातल्यासारखं आत गेलं. दोन-तीनदा पंप मारल्यावर (म्हणजे पॅडल दाबून-सोडून) कशीबशी गाडी थांबली. अर्धा तास सावलीत उभी केली आणि पॅडल परत पहिल्यासारखं, जणू काही झालंच नव्हतं! इथेच बरेच जण फसतात, ठीक झालं म्हणून विसरून जातात.

झालं काय होतं तर ब्रेक ऑइल उकळलं होतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा ग्रेड) चं नवं ऑइल २३० अंशाला उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटात ब्रेक तापले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. (पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर ते वेगळं, तेव्हा चाकाची डिस्क धरून थांबवणारे पॅड तापलेले असतात.)

पण घाट नाही काही नाही, रोजच पॅडल मऊ लागतंय, तर गाडी रस्त्यावर काढू नका आणि जागेवरच या टेस्ट करा.

इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पंप मारा. पहिल्या दाबाला पॅडल खोल गेलं पण दुसऱ्या-तिसऱ्याला वर येऊन दगडासारखं लागलं, तर बहुतेक मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) घासून सैल झालेत, ते अ‍ॅडजस्ट करायला हवेत. पंप मारून वर येतंय पण तरीही स्पंजसारखं लागतंय, तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये एअर आहे. आता पाय एकसारखा दाबून अर्धा मिनिट धरा. पॅडल हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी लीक आहे, आणि बाहेर कुठेच ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचे (पॅडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा) आतले सील गेलेत असं समजा. पाय दाबलेला असताना इंजिन चालू केल्यावर पॅडल थोडं खाली जातं, त्याला घाबरू नका, तो पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय.

लीक शोधताना चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. माझ्या गाडीत मागच्या डाव्या टायरच्या आतल्या भिंतीवर काळपट ओघळ होता, ड्रम उघडला, व्हील सिलिंडरचं (शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबर नखाने जरा उचललं आणि ऑइल टपकन हातावर. शूला ऑइल लागलं असेल तर धुवून परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे बदला. चाकाकडे ऑइल नेणारा रबरी होज कोणाला तरी पॅडल दाबायला लावून बघा, फुगत असेल तर बदला. ब्रेक ऑइलच्या टाकीतली लेव्हल मात्र पॅड झिजल्यानेही थोडी उतरते, त्यामुळे लेव्हल कमी म्हणजे लीकच असं नाही, पण नुसती वरून भर घालून गप्प बसू नका.

लीक काढल्यावर एअर काढायची. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच ऑइल घ्या, सीलबंद, अर्धा ते एक लिटर. डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं, वेगळंच असतं. सपाट जागेवर गाडी, चाकाला दगड, आणि जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून बहुतेक गाड्यांत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघून घ्या.

चाकामागच्या निप्पलवर (हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) रिंग पाना लावा (८ किंवा १० चा असतो), त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पुतण्याला सीटवर बसवलं होतं. मी "दाब" म्हटलं की तो दाबणार आणि "दाबलं काका" म्हणणार, मग मी निप्पल पाव फेरा सैल करणार, ऑइल आलं की बंद, आणि बंद झाल्यावरच "सोड". हा क्रम चुकला की हवा परत आत जाते. पहिल्या चाकाला चहासारखं काळसर ऑइल आणि त्यातून साबूदाण्याएवढे बुडबुडे येत होते, पंधरा-वीस वेळा केल्यावर नळीत स्वच्छ पिवळसर धार आली. मध्येमध्ये टाकी भरत राहा, ती रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पार तळाला गेलं तर मास्टर सिलिंडरचे सील गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतात. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो.

एवढं करूनही पॅडल मऊच असेल तर कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निप्पल वरच्या बाजूला आहे ना बघा. काम करताना डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निप्पल खाली जातं आणि हवा वरच अडकते. तेही बरोबर असेल तर एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा असू शकते, ती बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावूनच निघते, तिथे घरी झटापट करू नका, गाडी टो करून न्या.

सगळं बसवल्यावर आधी उभ्या गाडीत पॅडल दाबून बघा, मग मोकळ्या जागेत दहा-पंधराच्या स्पीडने चार-पाच ब्रेक. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही निप्पलवरून कोरडा कागद फिरवा, कागद ओला झाला नाही आणि टाकीची लेव्हल तिथेच असली तर गाडी बाहेर काढा.