बेळगावात राहून ॲस्ट्रोबायोलॉजीकडं कसं वळायचं (पीयूसी आणि बीएस्सीवाल्यांसाठी)

पीयूसीचा (कर्नाटकातली अकरावी-बारावी) रिझल्ट लागला की ओळखीतलं कोण ना कोण विचारतंच, ताई, ॲस्ट्रोबायोलॉजी करायचं म्हणतोय, कुठलं कॉलेज बघू? खानापूर, निपाणी, बेळगाव, सगळीकडनं प्रश्न तोच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. ॲस्ट्रोबायोलॉजी म्हणजे जीव सुरू कसा झाला, कुठं कुठं तग धरू शकतो आणि पृथ्वीबाहेर कुठं आहे का, याचा अभ्यास.

पहिली गोष्ट, त्या नावाची बीएस्सी आपल्या भागात शोधत बसू नका. या क्षेत्रात काम करणारे बहुतेक जण मुळात केमिस्ट, मायक्रोबायोलॉजिस्ट, जिऑलॉजिस्ट नाहीतर फिजिक्सवाले असतात, मग तुम्हाला नेमकं कशाचं कुतूहल आहे ते आधी बघा. जीव सुरू कसा झाला हे डोक्यात घोळत असेल तर केमिस्ट्री, कुठल्या कुठल्या वाईट परिस्थितीत जीव तग धरतो हे असेल तर मायक्रो, जुन्या दगडात त्याची खूण कशी उरते हे असेल तर जिऑलॉजी, आणि लांबच्या ग्रहांच्या हवेत काय आहे हे बघायचं असेल तर फिजिक्स आणि गणित पक्कं पाहिजे, तिथं पळवाट नाही. मी केमिस्ट्री आणि मायक्रो घेतलं. मामा म्हणाले, "एलियन शोधायला पगार कोण देतंय गं?" प्रश्न अगदी रास्त होता. पगार एलियनचा नाही मिळत, मायक्रोबायोलॉजिस्टचा मिळतो.

आता घरी करता येईल असा एक प्रयोग सांगते, कारण मला हा विषय वर्गात नाही, खिडकीत कळला. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८८०च्या दशकात काढलेली युक्ती आहे. तळ्याकाठचा काळा चिखल आणायचा, त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक कालवायचा, उंच पारदर्शक बाटलीत भरायचा, वर तळ्याचंच पाणी, आणि झाकण सैल ठेवून उजेडाच्या खिडकीत ठेवून द्यायची. आई दोनचार दिवसांत वासावरनं बोलणार, बोलू द्या. काही आठवड्यांत तळाला काळं होतं, त्याच्या वर जांभळट आणि हिरवे पट्टे उमटतात, आणि हे सगळं तिथं, जिथं ऑक्सिजन जवळजवळ पोचतच नाही. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला लागला तो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, त्याच्या आधीचा जीव असाच काहीतरी संसार करत होता. तळाचा तो काळा रंग म्हणजे आयर्न सल्फाइड, सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा उद्योग.

हे काळं लक्षात ठेवा. २०२४मध्ये नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला (मंगळावर फिरणारी यंत्रगाडी) मंगळावर जेझेरो विवराच्या भागात एक ठिपकेवाला दगड सापडला, चेयावा फॉल्स नाव दिलं त्याला. सप्टेंबर २०२५मध्ये त्याचा पेपर (शोधनिबंध) आला, तर त्या ठिपक्यांत विव्हियानाइट (लोहाचं फॉस्फेट) आणि ग्रेगाइट ही खनिजं असावीत असं दिसतंय. ग्रेगाइट म्हणजे पण आयर्न सल्फाइडच. मग मंगळावर जीव सापडला का? नाही. पेपरवाले स्वतः 'संभाव्य' म्हणाले, कारण जीव नसतानाही असली खनिजं तयार होऊ शकतात, आणि त्या सगळ्या वाटा एकेक करून बंद केल्याशिवाय पुढं बोलता येत नाही. टीव्हीवाले 'एलियन सापडले' म्हणून ओरडतात ते वेगळं. माझ्या मते या क्षेत्रातलं निम्मं काम हेच आहे, "हे दुसऱ्या कशानं झालं नसेल कशावरनं?" असं स्वतःलाच विचारत बसायचं, आणि ज्याला याचा कंटाळा येतो त्यानं दुसरं काहीतरी बघावं.

दगडांचं पण तसंच. गोकाकचा धबधबा बघायला आपण सगळे जातो, फोटो काढतो, मक्याचं कणीस खातो आणि येतो, पण तो ज्या वालुकाश्मावरनं पडतो तो कलादगी खोऱ्याचा, डेक्कन ट्रॅप म्हणजे आपल्या काळ्या ज्वालामुखी दगडापेक्षा कितीतरी जुना. रामदुर्गच्या पुढं लोकापूरच्या बाजूला त्याच खोऱ्यातल्या डोलोमाइटमध्ये (चुनखडीसारखा दगड) स्ट्रोमॅटोलाइट आहेत, म्हणजे उथळ पाण्यातल्या सूक्ष्मजीवांच्या थरांवर गाळ बसत बसत तयार झालेले दगड, अब्जाहून जास्त वर्षं जुने. कापलेल्या कांद्यासारखे एकावर एक वाकडे थर दिसतात. पण नागमोडी दिसलं की जीवच असं नाही हं! ग्रीनलंडमधल्या ३७० कोटी वर्षं जुन्या दगडात स्ट्रोमॅटोलाइट सापडले असं २०१६मध्ये छापून आलं आणि २०१८मध्ये दुसऱ्या टीमनं सांगितलं की दगड दाबला गेल्यामुळं ते आकार आलेत. बघायला जाणार असाल तर जिऑलॉजीच्या सरांबरोबर जा आणि हातोडा घरी ठेवा.

आपल्या बाजूच्या माणसाचं उदाहरण पाहिजे तर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर घ्या, जन्म कोल्हापूरचा, १९३८चा. इतक्या उंचावर जीव आहे का हे बघायला त्यांच्या पुढाकारानं हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले. २००५च्या उड्डाणातनं तीन नव्या जातींचे जिवाणू मिळाले, ते २००९मध्ये जाहीर झाले, एकाच्या नावात हॉयल (नारळीकरांचे गुरू), एकाच्या इस्रो, एकाच्या आर्यभट्ट. ते अवकाशातनंच आले असं सिद्ध झालेलं नाही, हे इस्रोनंही तेव्हाच स्पष्ट केलं. आणि ते जिवाणू वाढवून ओळखायचं काम केलं कुणी? हैदराबाद आणि पुण्याच्या लॅबमधल्या जीवशास्त्रवाल्यांनी. बीएस्सी मायक्रोच्या प्रॅक्टिकलला प्लेटवर रेघा ओढताना वैताग येतो ना, तेच काम.

बाकी व्यवहाराचं. एमएस्सीला आयआयटी, आयसर (केंद्राच्या विज्ञान संस्था) वगैरेसाठी जॅम द्या, ती देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, त्यामुळं कर्नाटकचे की महाराष्ट्राचे हा आपला नेहमीचा घोळ तिथं आडवा येत नाही. महाराष्ट्राच्या स्वतःच्या प्रवेशांत सीमाभागातल्या मुलांसाठी कुठं कुठं सवलत असते, पण दाखल्यांची यादी आधी वाचा, तहसीलदार ऑफिसात ऐनवेळी कोण दारात उभं करत नाही. पीएचडीला नेट-जेआरएफ (परीक्षेतनं मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये जीवोत्पत्तीच्या रसायनशास्त्रावर काम चालतं, अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) ॲस्ट्रोकेमिस्ट्री, म्हणजे अवकाशातलं रसायनशास्त्र. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप बीएस्सीत असतानाच भरता येते, दिवाळीपासनं वेबसाइट बघत राहा.

मराठी मीडियमची पोरं पेपर वाचायला घाबरतात. आधी गोषवारा वाचा, मग आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी, मधलं सगळं नंतर. सरांना मेल टाकताना 'मला लहानपणापासून आकाशाची आवड आहे' हे लिहू नका, सगळेच लिहितात. त्यांचा एक पेपर वाचून त्यातली न कळलेली एक गोष्ट विचारा, बाटलीचा प्रयोग केला असेल तर आठवड्या-आठवड्याचे फोटो जोडा, आणि दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून पुढच्या सरांना लिहा.