शिक्षकांना वर्गाबाहेर काढताना

निसर्गात कसं शिकवायचं, याचं पहिलं प्रशिक्षण मी दिलं ते एका बंद सभागृहात. पडदे ओढलेले, प्रोजेक्टर सुरू आणि भिंतीवर झाडांची चित्रं. एका शिक्षिकेने विचारलं, "बाहेर कधी जायचं?" मी म्हटलं, "वेळ उरला तर शेवटी." वेळ अर्थातच उरला नाही. तीन महिन्यांनी चौकशी केली, तर त्या गटातल्या एकानेही मुलांना बाहेर नेलेलं नव्हतं. नेणार तरी कसे? मी त्यांना बसून ऐकायला शिकवलं होतं, आणि तेवढं ते शिकले होते.

या कामात नव्याने येणारे बहुतेक जण मुळात निसर्गवेडे असतात. कुणी पक्षी बघत हिंडलेलं, कुणी वनस्पतिशास्त्र शिकलेलं. त्यामुळे शिक्षकांना माहिती कमी पडते, ती आपण पुरवली की झालं, असं आपल्याला वाटतं. खरी अडचण वेगळीच असते. मुलं हाताबाहेर गेली तर? 'हा किडा कोणता?' असं एखाद्याने विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर? आणि फारसं कुणी बोलून दाखवत नाही अशी एक गोष्ट: अभ्यासक्रम मागे पडला तर? या तीन धास्तींना हात न घालता तुम्ही पन्नास झाडांची नावं शिकवलीत, तरी बाई वर्गातच राहणार.

नावांच्या धास्तीवर मला मुंग्यांनी उपाय दिला. एकदा भिंतीवरच्या रांगेपाशी गट थांबला. कुणीतरी विचारलं, "ही कुठली मुंगी?" मी जात सांगितली, त्यांनी वहीत लिहिली आणि गट पुढे सरकला. विषय तिथेच मेला. पुढच्या गटाच्या वेळी मी जीभ चावून गप्प बसले. रांगेवरून बोट आडवं घासलं आणि विचारलं, "आता काय होईल?" मुंग्या घासलेल्या जागेपाशी येऊन अडखळल्या. काही माघारी वळल्या, काही कडेने चाचपडत राहिल्या. थोड्या वेळाने एकदोघी पलीकडे पोचल्या आणि हळूहळू रांग पुन्हा जुळली. तोवर शिक्षकच वाद घालत होते: वास पुसला गेला, की बोटाचा वास लागला? मग पाण्याने पुसून बघू, कोरड्या फडक्याने बघू. मुंग्या वाटेवर रासायनिक खूण सोडत जातात, हे मी अगदी शेवटी सांगितलं. 'मला माहीत नाही, बघू या' हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून सहज निघणं, हेच या प्रशिक्षणातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे.

अभ्यासक्रमाच्या धास्तीला सावली कामी येते. एक मीटरची काठी उभी धरायची. तिची सावली 80 सेंटिमीटर आणि झाडाची सावली 7.2 मीटर भरली, तर झाड 9 मीटर उंच. गुणोत्तराचा अख्खा पाठ अंगणात होतो. मात्र उत्तर तयार ठेवून जाऊ नका. माझ्या एका कार्यशाळेत दोन गटांची उत्तरं जुळेनात. एका गटाने काठीची सावली आधी मोजली होती आणि झाडाची वीस मिनिटांनी. मधल्या वेळेत सूर्य सरकला होता. त्या चुकीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी बरोबर उत्तरावर कधीच झाली नसती.

शिस्तीची धास्ती बोलून जात नाही, ती युक्त्यांनी जाते. या युक्त्या कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून सांगते. बोलताना सूर्याकडे तोंड तुम्ही करा, ऐकणाऱ्यांची पाठ त्याच्याकडे हवी. डोळे मिचकावणारं मूल ऐकत नसतं. सूचना दारातून बाहेर पडण्याआधी द्या. चार मीटर दोरीची टोकं बांधून एक मीटर बाजूचा चौकोन करा आणि चार मुलांना तो 'त्यांचा' म्हणून द्या. 'सगळं मैदान बघा' म्हटलं की पळापळ होते, 'एवढंच बघा' म्हटलं की माना खाली जातात. पहिल्यांदा वीस मिनिटं पुरे. आणि दर वेळी नवी जागा शोधू नका, त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जा.

सिद्धान्त थोडा वाचा, पण तो पचवून मग शिक्षकांसमोर जा. अनुभव, त्यावर विचार, त्यातून कल्पना, मग पुन्हा प्रयोग हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये मांडलेलं चक्र दिवसाची आखणी करायला उपयोगी पडतं. अमेरिकी निसर्गशिक्षक जोसेफ कॉर्नेल यांचे चार टप्पे मला त्याहून हाताशी वाटतात: आधी उत्साह जागवायचा, मग लक्ष एकवटायचं, मग थेट अनुभव आणि शेवटी तो एकमेकांना सांगणं. नवखे प्रशिक्षक पहिला टप्पा गाळून थेट 'शांत बसून निरीक्षण करा' म्हणतात आणि गट खिदळायला लागतो. मीही हे केलंय. ब्रिटनमधल्या फॉरेस्ट स्कूलची, म्हणजे मुलांना नियमितपणे झाडांमध्ये नेऊन शिकवण्याच्या पद्धतीची, सुरुवातही बघण्यासारखी आहे. 1993 मध्ये ब्रिजवॉटर कॉलेजमधली मंडळी डेन्मार्कला गेली, तिथली लहान मुलं उघड्यावर शिकताना त्यांनी बघितली आणि परतल्यावर आपल्याकडे ते सुरू केलं. आधी बघणं झालं, बाकीचं मागून आलं.

म्हणून माझ्या कार्यशाळेत आता दुसऱ्या दिवशी खरी मुलं असतात. शिक्षक त्यांना बाहेर नेतात, मी मागे उभी राहून फक्त टिपणं काढते. कोण किती मिनिटं बोललं, तेही लिहिते. पहिल्या फेरीत बहुतेक जण मुलांपेक्षा जास्त बोलतात. आकडा दाखवला की स्वतःच हसतात. त्यानंतर महिन्याभराने एकदा त्यांच्या शाळेत जाणं होतं. ही फेरी खर्चात पहिली कापली जाते, तेव्हा काम स्वीकारतानाच ती लिहून घ्या.

सुरुवात करणाऱ्यांनी आधी कुणाचे तरी मदतनीस म्हणून चार-पाच फेऱ्या कराव्यात, प्रथमोपचार शिकून घ्यावेत आणि कार्यशाळेची जागा आदल्या दिवशी, त्याच वेळेला, पायाने फिरून यावी. मागच्या खेपेला मी गेले तर ज्या बाकावर गट बसवायचा होता, त्याच्या खालीच गांधीलमाश्यांचं पोळं होतं. गट पलीकडच्या झाडाखाली बसवला. पोळं मात्र लांबून सगळ्यांना दाखवलं, आणि त्या दिवशीचा अर्धा तास त्यातच गेला.