गिझर जास्त तापतोय? कटआउटचं बटण दाबत बसण्याआधी हे तपासा

थंडी पडली की सांगली-मिरजेत काय आणि साताऱ्यात काय, इलेक्ट्रिशियनकडे तक्रार एकच: गिझर फार तापतोय. पण या एका वाक्यात तीन वेगळे बिघाड असतात. एकात नळातून खरोखरच उकळतं पाणी येतं. दुसऱ्यात पाणी जेमतेम कोमट, तरी कटआउट (गिझर फार तापला की वीज तोडणारा सुरक्षेचा खटका) उडालेला. तिसऱ्यात पाणी ठीक, पण गिझरमधून खडखड आवाज. आपला बिघाड यातला कोणता हे न ठरवता थेट थर्मोस्टॅट (नॉबवर ठरवलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) बदलायला निघणं ही पहिली चूक. (हे सगळं १५ ते २५ लिटरच्या साठवणीच्या विजेच्या गिझरबद्दल आहे. गॅस गिझरचं शास्त्र वेगळं.)

हाताच्या अंदाजावर जाऊ नका

पाइपातलं गार पाणी सोडून द्या, मग स्टीलच्या भांड्यात पाणी घेऊन थर्मामीटरने मोजा. तापाचा थर्मामीटर चालत नाही, ११० अंशांपर्यंतचा लागतो. ६० अंशांचं पाणीही पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, त्यामुळे बोट बुडवून ‘जास्त की बरोबर’ कळत नाही. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर हे आधी.

आता हिशोब. २००० वॅटच्या कॉइलला २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण अर्धा तास लागतो, १५ लिटरला अठरा-वीस मिनिटं. नॉब ५० वर ठेवून गार पाण्यापासून सुरू केलेला २५ लिटरचा गिझर पाऊण तासानंतरही वीज ओढत असेल, तर थर्मोस्टॅट तोडत नाहीये. गिझरच्या दिव्यावर विसंबू नका, काही मॉडेलमध्ये तो नुसता वीज आल्याचा असतो. घरातली बाकी उपकरणं बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाहा. गिझर चालू असताना तो भराभर लुकलुकतो, थर्मोस्टॅटने तोडलं की एकदम मंदावतो.

पाणी खरंच उकळत असेल तर

बहुतेक वेळा थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट आतून चिकटलेले असतात. नॉब कितीही कमी करा, वीज चालूच राहते. शेवटी कटआउट तोडतो, बहुतेक गिझरमध्ये ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान. नळातून फसफसत वाफ येत असेल तर एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप होणारा खटका) पाडा आणि दोन-तीन तास तसंच राहू द्या. गार पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र बंद करू नका. फुगलेल्या पाण्याला वाट हवी.

खालचं झाकण उघडण्याआधी टेस्टरने खात्री करा. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं: बटण बंद, तरी कॉइलवर फेज हजर. म्हणून भिंतीवरच्या बटणावर नव्हे, मेन पाडण्यावर भरवसा ठेवा. हे जमणार नसेल तर पुढचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

दांडीचा थर्मोस्टॅट बाहेर काढला की तपासणी सोपी आहे. थंड असताना मल्टीमीटरवर दोन टोकांमध्ये जवळपास शून्य ओहम दिसायला हवं. मग नॉब सगळ्यात कमी करून फक्त दांडी ७० अंशांच्या पाण्यात धरा. डोकं कोरडंच ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत टक् असा आवाज येऊन सर्किट तुटलं पाहिजे. नाही तुटलं तर तो भंगारात. नवा आणताना जुना दुकानात घेऊन जा: दांडीची लांबी आणि अँपिअर दोन्ही जुळली पाहिजेत. आखूड दांडी बसते, पण तापमान चुकीच्या जागी मोजते.

व्होल्टेज जास्त असल्याने पाणी उकळतं, हा समज सोडा. २५० व्होल्टला २००० वॅटची कॉइल २३५० वॅटच्या आसपास ओढते, म्हणजे पाणी लवकर तापतं. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर तोडायचं तिथेच तोडतो.

पाणी कोमट आणि कटआउट उडालेला

इथे लोक हमखास फसतात. दोष बहुधा वायर आवळायच्या स्क्रूत असतो. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर करंट वाहतो. टर्मिनल ढिलं असेल तर तिथेच उष्णता तयार होते, ती शेजारच्या कटआउटला लागते आणि तो उडतो. वायरचं आवरण तपकिरी किंवा कडक झालेलं, प्लास्टिक करपल्याचा वास, ही खूण. करपलेलं टोक कापून नवीन लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) लावा, स्क्रू नीट आवळा. ६ अँपिअरच्या सॉकेटवर गिझर चालवत असाल तर सॉकेटही १६ अँपिअरचं करा आणि वायर तांब्याची, निदान २.५ चौरस मिलिमीटरची घ्या.

कटआउटचं लाल बटण एकदा दाबायला हरकत नाही. पुन्हा उडालं तर तो काहीतरी सांगतोय. कटआउट बायपास करून वायर थेट जोडणारे महाभाग अजूनही भेटतात. तसं केल्यावर चिकटलेला थर्मोस्टॅट आणि टाकी फुटणं यांच्यामध्ये एक सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढा उरतो. आणि त्या व्हॉल्व्हमधून पाणी टपकतं म्हणून तोही कोणीतरी बूच मारून बंद केलेला असतो! २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की सुमारे ३५० मिलिलिटर फुगतं. इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारा) असेल तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच टपकणार. तापतानाचं टपकणं ठीक. गार असतानाही धार लागली तर व्हॉल्व्ह बदला.

खडखड आवाज: क्षार

साताऱ्यात कासच्या तलावाचं पाणी येतं तिथे हा त्रास कमी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या बोअरवर चालणाऱ्या पट्ट्यात जड पाण्याचा पांढरा थर कॉइलवर आणि थर्मोस्टॅटची दांडी बसते त्या नळीवर चढतो आणि गिझर खडखडतो. नळी झाकली की थर्मोस्टॅटला तापमान उशिरा कळतं. नॉब आधीच ७५ वर असेल तर मधल्या दहा-पंधरा अंशांत कटआउट गाठला जातो. म्हणून नॉब ५५-६० वर ठेवा.

साफ करताना टाकी पूर्ण रिकामी करून फ्लँज (कॉइल बसवलेली गोल तबकडी) काढा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून कॉइल तासभर बुडवा, टर्मिनल पाण्याबाहेर. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड मुळीच नको, ते कॉइलचा धातू खातं. पपडी सुरीने खरवडू नका. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड झिजून निम्म्याहून बारीक झाला असेल तर त्याच वेळी बदला, गास्केट नवीनच घाला. कॉइल मोजून घ्या: २००० वॅटला २६ ओहमच्या आसपास हवं. कॉइलचं टोक आणि तिची बॉडी यांच्यात मल्टीमीटरवर जोड (कंटिन्युटी) दिसला तर ती गेली.

सोलरची जोडणी

सोलरचं गरम पाणी गिझरच्या इनलेटला जोडलेलं असेल आणि घर दोन-तीन दिवस बंद असेल, तर एप्रिल-मेमध्ये कटआउट उडवण्याइतकं तापलेलं पाणी गिझरमध्ये येऊ शकतं. कटआउट उडतो, गिझर मात्र निर्दोष. बायपास व्हॉल्व्ह टाका. उन्हाळ्यात पाणी थेट नळाला, पावसाळ्यात गिझरमधून.

कुठलंही काम झाल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडा, हवा निघून सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्या, आणि मगच एमसीबी चढवा. कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते.