खाण्याचे नखरे आहेत आणि वजनही कमी करायचंय? मग या चुका टाळा

डाएटचा चार्ट हातात आला की नखरेल माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर त्यातलं जे खात नाही ते मनातल्या मनात खोडायला लागतो. दुधी नको, कारलं तर नकोच नको, पालक फक्त भज्यांत, मोड आलेले मूग कच्चे कोण खाणार, दलिया आजारी माणसाने खायचा. असं खोडत खोडत शेवटी चार्टमध्ये दोन पोळ्या, वाटीभर भात आणि सकाळचं कोमट पाणी एवढंच उरतं, आणि मग संध्याकाळी सहा वाजता फरसाणाचा डबा उघडतो. मी स्वतः वांगं, लाल भोपळा आणि शेपू यांच्या वाटेला जात नाही, आणि घरात नवरा माझ्याहून वरचढ, त्याला आमटीत टोमॅटोचं साल दिसलं तरी तो ते चमच्याने काढून ताटाच्या कडेला लावून ठेवतो, त्यामुळे या विषयात आमच्याकडे अनुभवाला तोटा नाही.

दुधी खाल्ला नाही म्हणून कोणाचं वजन वाढलेलं मी तरी ऐकलं नाहीये. वाढतं ते दुधीच्या जागी ताटात जे येतं त्याने, म्हणजे तिसरी पोळी, बटाट्याच्या काचऱ्या, लोणच्याचं तेल, जेवणानंतर "काहीतरी गोड". खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

दुसऱ्याचा चार्ट उचलून आणणं

ऑफिसमधल्या मैत्रिणीचं वजन कमी झालं की तिचा चार्ट व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. त्यात किन्वा असतो, ब्रोकोली असते, ॲव्होकॅडो असतं. ज्या माणसाला घरचा फ्लॉवर चालत नाही तो ब्रोकोली कशी खाणार, सांगा ना. दुसरा प्रकार म्हणजे नावाजलेल्या पद्धती. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा आणि ते ५५ मिनिटांत संपवा, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात घरचं, साधं, थोडं थोडं खा, आणि आपल्याकडे यावरून लग्नाच्या पंगतीतही वाद होतात. त्या वादात मला पडायचं नाही, पण नखरेल लोकांना दोनदा जेवण्याची पद्धत सोपी वाटते कारण नावडत्या भाजीशी गाठ दोनदाच पडते. दोनदाच खायचं म्हटल्यावर त्या ताटात काय आहे याला जास्तच महत्त्व येतं ना, आणि ती दोन्ही ताटं जर पोळी, बटाटा आणि भातावर संपली तर काय उपयोग. (डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका, साखर खाली जाऊ शकते.)

त्यापेक्षा एक कागद घ्या आणि तीन याद्या करा. आवडतं, चालतं, मेलो तरी नाही. तिसऱ्या यादीवर वेळ घालवू नका, ती तशीच राहू दे. कामाची यादी मधली, "चालतं" वाली. बहुतेकांना वाटतं त्यात काही नसेलच, पण लिहायला बसलं की काकडी, गाजर कच्चं, कोबी पण पचडीतला, मटकीची उसळ पण मिसळीत असली तर, तोंडली काचऱ्या केल्या तर, असं बरंच निघतं. "तर" लागलेली प्रत्येक ओळ सोन्यासारखी जपा, कारण तुमचा चार्ट त्यातूनच बनणार आहे.

सोमवारपासून सगळंच बदलायचं

कमी खायचं आणि नावडतं खायचं, ही दोन कामं एकाच सोमवारी सुरू केली की गुरुवारी वडापाव ठरलेला. आधी नेहमीचंच जेवण घ्या आणि फक्त प्रमाण बदला, म्हणजे पोळी एक कमी, भात अर्धा, आवडती भाजी दुप्पट, वरण घट्ट. दोन-तीन आठवडे हे जमलं की मग एक, एकच, नवीन पदार्थ आणा, तोही दोन घास, आवडत्या जेवणाच्या सोबतीला. लहान मुलांवरच्या अभ्यासांत असं दिसलंय की नवीन चव पटायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते, तर मोठ्यांनी पहिल्याच दिवशी आख्खी वाटी संपवायची अपेक्षा कशाला करायची.

आणि हो, "नुसती थेरं आहेत" असं घरच्यांनी म्हटलं तर त्यांना १९३१ ची एक गोष्ट सांगा. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत आर्थर फॉक्स नावाचा केमिस्ट पीटीसी नावाची पावडर हाताळत होता, ती हवेत उडाली, शेजारचा सहकारी म्हणाला किती कडू आहे आणि फॉक्सला स्वतःला काहीच चव लागेना. पुढे कळलं की हा फरक आनुवंशिक आहे. कोबी-मोहरीच्या कुळातल्या भाज्यांचा कडवटपणा काहींना खरंच जास्त जाणवतो, काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते, आणि बीटाला जो मातीचा वास येतो तो जिओस्मिनचा, पहिल्या पावसानंतर मातीला येतो त्यातलंच हे द्रव्य. तुम्हाला तो वास येतो म्हणजे नाक शाबूत आहे एवढंच.

भाजी नावडती आहे की तिची पद्धत, हे न तपासणं

हा माझा आवडता मुद्दा, त्यामुळे जरा लांबेल.

भेंडी घ्या. भेंडी न खाणाऱ्या दहातल्या आठांचं कारण बुळबुळीतपणा. तो येतो कारण धुऊन ओलीच चिरली, कढईत खच्चून भरली, वर झाकण ठेवलं आणि सुरुवातीलाच मीठ घातलं. आता असं करा, भेंडी धुऊन फडक्यावर पसरा, एकेक कोरडी पुसा, मग चिरा, पसरट कढई चांगली तापू दे, चमचाभर तेल, आणि भेंडी एका थरात बसेल एवढीच टाका, झाकण नाही, पहिली पाच-सात मिनिटं मोठ्या आचेवर आणि सारखं ढवळायचं नाही. कडा तांबूस झाल्या की दोन आमसुलं टाका किंवा लिंबू पिळा, आंबटाने तार तुटते, मीठ सगळ्यात शेवटी. कुरकुरीत, सुटी भेंडी होते. आमच्याकडे ही खाल्ली जाते, रश्शाची भेंडी अजूनही नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

कोबी-फ्लॉवर कुकरला लावू नका, जास्त शिजले की गंधकाचा तो वास सुटतो ज्याने माणूस जिन्यातूनच ओळखतो आज डब्यात काय आहे. कोबी बारीक चिरून पाच मिनिटं परतला तर वेगळीच भाजी लागते. शिजलेलं गाजर न खाणारे लोक कोशिंबीर आरामात खातात. पालक नको असेल तर ताकातला पालक करून बघा, डाळ आणि आंबटपणात पालकाची चव मागे पडते. भाजणीच्या थालीपिठात किसलेला दुधी किंवा कोबी घाला, फक्त तव्यावर तेलाची धार मोजून. दुधीबद्दल एक गंभीर सूचना, "वजन उतरतं" म्हणून दुधीचा कच्चा रस पिण्याचं जे फॅड आहे त्यात पडू नका, आणि भाजी असो की रस, दुधी कडू लागला तर लगेच थुंका आणि टाकून द्या, कडू दुधी विषारी असतो, रस पिऊन माणसं दगावलीत.

प्रोटीनचं खातं रिकामं

भाज्या न खाणाऱ्याला सगळे भाज्यांवरून बोलतात, पण सारखी भूक लागण्याचं कारण बरेचदा प्रोटीन कमी पडणं असतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबाने रोज वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. आता नेहमीची पातळ आमटी बघा, वाटीत डाळ किती असते? तीन-चार ग्रॅम प्रोटीन मिळालं तरी खूप. डाळ तिप्पट घालून घट्ट वरण केलं की गणित बदलतं. दोन उकडलेली अंडी बारा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास (पण वीस-पंचवीस ग्रॅम फॅटसकट, हे विसरू नका), मूठभर फुटाणे सहा, तीस ग्रॅम सुके सोया चंक्स पंधरा. सोयाचा स्पंजासारखा चावा नको वाटत असेल तर भिजवून, पिळून, मिक्सरला एकदाच फिरवा आणि कांदा-टोमॅटोवर भुर्जी करा. पिठलं विसरू नका हो, बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच, आणि पिठलं न खाणारा माणूस मला अजून भेटायचाय. मासे-चिकन खाणाऱ्यांचं सोपं आहे, फक्त तळलेलं नको, रोज नको असलेल्या भाज्यांपेक्षा तव्यावरचा बांगडा नक्की खाल्ला जाईल.

नावडतं खपवायला तेल, कूट, चीज

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. भाजी खाल्ली जावी म्हणून फोडणी सढळ, वर दाण्याचं कूट, मुलांच्या निमित्ताने चीज. घरातल्या तेलाचा हिशोब एकदा कराच, सोपा आहे. चार माणसं आणि महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर ते झालं साडेचार किलो तेल, चार जणांत तीस दिवस वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे ताट सुचवलंय त्यात २००० कॅलरीला तेल-तूप सगळं धरून २७ ग्रॅम आहे. तुमच्या घरचं तूप, बाहेरचं खाणं अजून मोजलंच नाही. त्यामुळे फोडणीला बाटली वाकडी करायची नाही, चमचा वापरायचा. कूट तीस ग्रॅम घातलं तर १७० कॅलरी, चांगलं आहे पण मोजून.

उपवासाला डाएट समजणंही यातलंच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात कूट, तूप, बटाटा, एक प्लेट खिचडी सहज सहाशेच्या घरात जाते आणि चार वाजता परत भूक. उपवास करायचाच असेल तर वरी आणि दाण्याची आमटी, सोबत दही, आणि खिचडी चार चमचे चवीला.

चहाचं थोडक्यात सांगते. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे नुसत्या साखरेच्याच १६० कॅलरी. भाज्या न आवडणाऱ्याला चहा मात्र फार आवडतो, असं माझं निरीक्षण आहे.

करतोय सगळं, तरी अडलंय

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले आणि मग काटा थांबला तर घाबरू नका, सुरुवातीला बरंचसं पाणी जातं, नंतर आठवड्याला अर्धा किलो ही चांगली गती आहे. तीन-चार आठवडे काहीच हललं नाही तर भाज्यांकडे नाही, तेल, कूट, चहा, फरसाण आणि "एकच घास" या पाच गोष्टींकडे बघा, मुलांच्या ताटातलं उरलेलं खाणाऱ्या आयांनी तर विशेष.

पोट साफ होत नसेल तर भाज्या कमी पडतायत हे उघड आहे, पण उपाय पालकच असला पाहिजे असं नाही. पेरू बियांसकट, सालासकट सफरचंद, ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, आणि पाणी. रात्री अकराला भूक लागत असेल तर रात्रीचं जेवण फार हलकं करताय, "सूपवर भागवते" हे बंद करा.

रोज तेच तेच खाऊन कंटाळा आला की नखरेल माणूस थेट बाहेरून मागवतो. त्यामुळे यादीतले निदान दोन पर्याय असे ठेवा जे दहा मिनिटांत होतात, अंडाभुर्जी, दही-पोहे, भाकरी आणि झुणका.

आणि एक वेगळा गट आहे, ज्यांचं सगळं खाणं मिळून सात-आठ पदार्थांवर चालतं, नवीन पदार्थाच्या वासाने किंवा स्पर्शानेच उमळायला होतं, घशात अडकेल अशी भीती वाटते, चार लोकांत जेवायला जाणं टाळतात. याला एआरएफआयडी म्हणतात, २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानांच्या यादीत त्याची नोंद आहे. अशा माणसाला वजन कमी करायचा चार्ट देणं म्हणजे आहेत ते सात पदार्थही कमी करणं. त्याने आधी डॉक्टरांकडे जावं, हिमोग्लोबिन, बी-१२, डी बघून घ्यावं, आणि वजनाचं नंतर. बाकीच्यांनी आहारतज्ज्ञांकडे जाताना तो तीन याद्यांचा कागद सोबत न्यायचा आणि बसल्या बसल्या टेबलावर ठेवायचा. तो न वाचताच छापील चार्ट पुढे सरकवला तर फी वाचवा आणि दुसरीकडे जा.