परदेशात उंच इमारतीत दूरचा भूकंप जाणवला, तर या चुका टाळा

२८ मार्च २०२५, शुक्रवार. बँकॉकमध्ये दुपारचा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. अमळनेरला तेव्हा बाराला दहा कमी होते आणि आई गच्चीवर बिबडे वाळत घालत होती. मी चोविसाव्या मजल्यावर जेवत होतो. एकदम गरगरलं. साखर कमी झाली असेल म्हणून डोळे मिटून खुर्चीला टेकलो आणि मोलाची मिनिटं तिथेच गेली.

चक्कर समजू नका

जवळच्या भूकंपात दणका बसतो, भांडी वाजतात. दूरच्या भूकंपात घर नावेसारखं संथ डुलतं. जलद कंपनं वाटेतच विरतात, संथ लाटा मात्र शेकडो किलोमीटर टिकतात. उंच इमारतीचा झोकाही संथच असतो. ढोबळ हिशेब असा, की दहा मजल्यांच्या इमारतीला एक झोका घ्यायला साधारण एक सेकंद लागतो, तीस मजल्यांच्या इमारतीला तीन. लाटेची आणि इमारतीची लय जुळली की झोका वाढत जातो. त्या दिवशी केंद्र म्यानमारमध्ये मंडालेजवळ होतं, सुमारे हजार किलोमीटरवर. पण बँकॉकखाली मऊ चिकणमातीचा जाड थर आहे आणि असा थर हलणं आणखी वाढवतो. १९८५ साली मेक्सिको सिटीत हेच झालं होतं. केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर, आणि जुन्या तळ्याच्या गाळावर उभ्या असलेल्या इमारती कोसळल्या.

म्हणून गरगरलं की आधी लटकता दिवा पाहा, बाटलीतलं पाणी पाहा. तेही हलत असेल तर त्रास तुमच्या डोक्यात नाही, इमारत हलते आहे. तळमजल्यावरच्या माणसाला काहीच जाणवलं नाही, तरी तुम्हाला जाणवलं ते खरंच असतं.

धाब्याच्या घराचा नियम तिथे लावू नका

आपल्याकडे लहानपणापासून एकच ऐकलेलं असतं: धरणी हालली की बाहेर पळायचं. धाब्याच्या घरासाठी ते बरोबरच आहे. वर मातीचा जड थर, खाली सागाच्या कड्या. भिंत सरकली की सगळा भार अंगावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींखालीच माणसं गाडली गेली. खान्देशालाही हे नवं नाही, १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहापेक्षा मोठ्या तीव्रतेचा भूकंप झाला होता.

पण चोविसाव्या मजल्यावरून बाहेर पळणार कुठे? इमारत डुलत असताना जिन्यात माणसं एकमेकांवर पडतात. लिफ्ट तर मधेच अडकू शकते, तिच्याकडे वळूच नका. मजबूत टेबलाखाली बसा, त्याचा पाय घट्ट धरा, डोकं झाका. काच, कपाट आणि फ्रिजपासून लांब राहा. बाल्कनीत जाऊ नका. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा सल्लाही विसरा, फ्लॅटमधली चौकट बाकी घरापेक्षा मजबूत नसते.

डुलणं थांबलं की गॅस बंद करा, बूट घाला, पासपोर्ट, रोजची औषधं आणि चार्जर घेऊन जिन्याने उतरा.

खाली उतरलात म्हणजे सुटलात असं नाही

आम्ही बरेच जण इमारतीच्या पायथ्याशीच घोळका करून उभे राहिलो. ही मोठी चूक होती. वरून काच पडते, गिलावा पडतो. त्या दिवशी शहरात गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावांतलं पाणी खाली कोसळलं आणि चातुचक भागात बांधकाम चालू असलेली उंच सरकारी इमारत पूर्ण खाली आली. मोकळ्या जागेत लांब जा. मेट्रो बंद झाली होती, तेव्हा पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि चालायची तयारी ठेवा.

परत वर जायची घाई करू नका. मधल्या भिंतीच्या गिलाव्याला गेलेली बारीक चीर बहुतेक वेळा वरवरची असते. खांब, तुळई किंवा जिन्याजवळ तिरकी, रुंद भेग दिसली तर फोटो काढा आणि इंजिनिअरने तपासल्याशिवाय आत जाऊ नका.

पुढचे काही दिवस बसल्या जागी घर हलल्यासारखं वाटतं. जपानीत याला ‘जिशिन-योई’ म्हणतात, म्हणजे भूकंपाने लागलेली बोट. बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. आठवडाभरानंतरही कमी होत नसेल तर डॉक्टरकडे जा.

फोनवरच्या चुका

मी आईला अकरा वेळा फोन लावला, एकदाही लागला नाही. अशा वेळी सगळेच फोन करतात आणि लाइन तुंबते. एक लेखी निरोप पाठवा: ‘मी ठीक, बाहेर आहे, दोन तासांनी कळवतो.’ तो निरोप घरच्या एकाच माणसाला जावा आणि त्याने पुढे मामा-काकांना सांगावं. आमच्याकडे आता हे काम धाकट्या भावाकडे दिलं आहे.

गावाकडच्या मंडळींनो, टीव्हीवरचा ७.७ हा आकडा केंद्राजवळ सुटलेल्या ताकदीचा असतो, तुमच्या पोराच्या मजल्यावर काय झालं ते त्यातून कळत नाही. ‘रात्री तीनला पुन्हा मोठा धक्का’ असा निरोप आला तर पुढे पाठवू नका. नंतरचे लहानमोठे धक्के येतात हे खरं, पण भूकंपाची वेळ आधी सांगणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. आणि फोन लागला की आधी पोराला बोलू द्या. माझ्या आईने फक्त विचारलं, “बरा शे ना रे?” आणि मग ती गप्प राहून ऐकत राहिली.