पाइनफोनवर पोस्टमार्केटओएस: आधी कार्डावर
बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत ज्यांच्या हाती पाइनफोन हा लिनक्सवर चालणारा स्मार्टफोन आला आहे, त्यांनी फोनमधील मूळ प्रणालीला हात न लावता पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स प्रणाली आधी मायक्रोएसडी कार्डावर चालवून पाहावी, कारण हा फोन सुरू होताना प्रथम कार्ड तपासतो आणि कार्ड काढताच जुनी प्रणाली जशीच्या तशी परत मिळते. त्यासाठी इमेज फाइल (कार्डावर लिहायची प्रणालीची संपूर्ण प्रत) उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल अखंड आली का हे दाखवणारा संकेतांक, अवश्य पडताळावा. इमेज लिहिताना कार्डावरील जुना मजकूर मात्र पुसला जातो. अक्षरांऐवजी चौकोन दिसल्यास एपीके या प्रणालीतील सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनाद्वारे नोटो या फॉन्टसंचातील देवनागरी फॉन्ट बसवावा, आणि आपल्या भागात कन्नड संदेशही रोज येत असल्याने त्या लिपीचाही घ्यावा. मोडेम (फोनला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) सापडत नसेल, तर मागील झाकणाखालच्या ६ बारीक स्विचांपैकी पहिला चालू आहे का ते तपासावे.