सोसायटीच्या भिंतीलगत गावाकडचं कुंपण

गावाला कुंपण कसं असायचं आठवतंय का, करवंदीची जाळी, निर्गुडी, मधेच अडुळसा, आणि आत सतत काहीतरी खसफसत असायचं. इथे मुंबईत पिवळा ड्युरांटा लावतात आणि दर महिन्याला कात्री मारून त्याचा ठोकळा करतात, फूल यायच्या आधीच शेंडा गायब, मग फुलपाखरू येईल कशाला?

आम्ही बोरिवलीत भिंतीलगतच्या तीन फुटी पट्टीत ते कुंपण परत आणलं. पहिलं काम खणायचं, कारण वरवर माती दिसते पण खाली सगळं डेब्रिज. दीड फूट तरी काढा आणि लाल माती नि शेणखत भरा. लागवड जूनच्या शेवटी, पाऊस नीट लागला की, म्हणजे सप्टेंबरपर्यंत पाण्याची कटकट नाही.

भिंतीकडे उंच झाडं: अडुळसा, निर्गुडी (फांदी खोचली तरी लागते), लिंबू, कढीपत्ता. पुढे कोरांटी, कोपऱ्यात रुई. दोन-दोन फुटांवर, पण सरळ रांगेत नको, नागमोडी लावा. करवंद मुलं खेळतात त्या बाजूला नको आणि रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कडेला पानफुटी, ती तशी मादागास्करची पाहुणी पण रेड पिएरो फुलपाखराच्या अळ्या तिच्यावरच वाढतात म्हणून चालवून घेतो. घाणेरी मात्र आपोआप उगवते, फुलपाखरं येतात तिच्यावर हे खरंय, तरी उपटा, बाकी सगळं गिळते ती.

छाटणी वर्षातून एकदा, थंडीत, ती पण अर्ध्याच भागाची. पावसाळ्यात शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो, तेव्हा कात्री लांब ठेवा. पालापाचोळा झाडून नेऊ नका, डास त्याने नाही तर साचलेल्या पाण्याने होतात, म्हणून पक्ष्यांच्या वाटीतलं पाणी रोज बदला.

आणि फवारणी बंद! कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर थांबा, ती बहुधा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी असते, नंतर हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून लालसर शिंग काढते. आमच्याकडे एका काकांनी रोगच समजून अख्खी फांदी तोडून टाकली होती. तेव्हापासून कढीपत्त्याची दोन झाडं ठेवलीत, एक अळ्यांचं, एक फोडणीचं, तरी लोक नेमकं अळ्यांचंच ओरबाडतात.